गाठीचे नाव आणि माणसाचे मीपण

मेंदूतील खोल गाठ म्हणजे कवटीपासून दूर, मेंदूच्या गाभ्यात वाढलेली गाठ. थॅलॅमस, त्याच्या शेजारचे बेसल गँग्लिया, तिसऱ्या पोकळीचा परिसर, पिनिअल ग्रंथी आणि सर्वांत खाली मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, या तिच्या नेहमीच्या जागा. हातपाय हलवणारे, स्पर्श कळवणारे आणि माणसाला जागे ठेवणारे मज्जातंतू इथून दाटीवाटीने जातात. वरवरची गाठ कवटी उघडताच सर्जनच्या समोर येते. खोल गाठीपर्यंत मात्र निरोगी मेंदूतूनच वाट काढावी लागते आणि त्या वाटेवर काही ना काही दुखावण्याचा धोका असतो. म्हणून अशा गाठीचा विचार वैद्यकापाशी संपत नाही. किती काढायचे, किती मागे ठेवायचे आणि ते कोणाच्या सांगण्यावरून, हे प्रश्न माणूस म्हणजे काय या जुन्या प्रश्नाला जाऊन भिडतात.

भारतीय शल्यतंत्राला या पेचाची ओळख फार पूर्वीपासून आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि आघाताच्या परिणामानुसार त्यांचे पाच गट केले आहेत. त्यांपैकी एका गटाचे नाव विशल्यघ्न. या गटात तीनच मर्मे येतात आणि तिन्ही डोक्यावर आहेत: भुवयांच्या मधली स्थपनी आणि कानशिलांच्या वर, केसांच्या कडेशी असलेली दोन उत्क्षेप मर्मे. इथे बाण रुतला तर तो आत असेपर्यंत माणूस जगतो आणि उपसून काढला की मरतो. पिकून तो आपोआप गळून पडला तरीही माणूस वाचतो, असेही ग्रंथकार सांगतो. आत कोंडलेला वायू शल्य काढताच निघून जातो, ही त्यामागची कारणमीमांसा आज कोणी मानणार नाही. निरीक्षण मात्र खरे आणि धाडसी आहे. काढणे हाच ज्या शास्त्राचा धर्म, त्याने काही वस्तू काढू नयेत असे लिहून ठेवले.

आजच्या शस्त्रक्रियेत या पेचाचे दोन भाग पडतात: गाठीचा तुकडा घेणे आणि गाठ काढणे. मुंबईत या दोन्हींचा इतिहास मुख्यतः परळच्या आसपास घडला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ सालचे. तिथून चालत काही मिनिटांवरचे टाटा मेमोरियल १९४१ साली उघडले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग १९४९ मध्ये डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला सुरू केला. मुंबईत पहिल्या पिढीत डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर ही नावे येतात. केईएमच्या याच विभागाचे पुढे प्रमुख झालेले डॉ. सुनील पंड्या १९९३ साली मुंबईतून निघालेल्या वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक होते. मेंदूवर शस्त्र चालवणाऱ्याने नीतिशास्त्राचे नियतकालिक काढावे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. त्याला हे प्रश्न रोज टेबलावर भेटतात.

तुकडा घेण्याची रीत अशी. डोक्याला जागच्या जागी भूल देऊन चार टोकदार स्क्रूंनी धातूची चौकट कवटीवर घट्ट बसवतात. माणसासाठी अशी पहिली चौकट स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये वापरली. आज सर्वत्र दिसणारी चौकट स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांच्या १९४९ च्या रचनेवरून आलेली आहे. चौकटीसकट सीटी स्कॅन होतो. गाठीतला नेमका बिंदू लांबी, रुंदी आणि खोलीच्या तीन आकड्यांत मांडला जातो. मग रक्तवाहिन्या टाळणारा मार्ग ठरवून कवटीला बोटभर रुंदीचे, कधी त्याहूनही लहान भोक पाडतात आणि बाजूला खिडकी असलेली बारीक सुई मिलिमीटर मोजत आत सोडतात. बाहेर येतो तो तुकडा तांदळाच्या कणीएवढा. रंगाने करडा, कधी पांढुरका, बोटाने दाबला तर विरघळेल असा. त्याचा एक अंश काचपट्टीवर चिरडून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथे पाहतो, कारण सुई बरोबर जागी गेली होती की नाही हे रुग्ण टेबलावर असतानाच कळायला हवे. लक्षणे दिसतील असा रक्तस्राव शंभरांत दोन-चार जणांना होतो. शंभरांत एखादा दगावतो. खोल जागी हा धोका थोडा वाढतो.

एवढा धोका पत्करून मिळते काय? मिळते ते गाठीचे नाव. मुंबईत या नावाला वेगळेच वजन आहे. गिरणगावाच्या चाळींना क्षय परका नव्हता आणि क्षयाचीही मेंदूत गाठ होते. डॉ. दस्तूर आणि डॉ. देसाई यांनी १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात क्षयाच्या गाठीचे १०७ रुग्ण आणि ग्लायोमाचे, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून वाढणाऱ्या गाठीचे, १०७ रुग्ण शेजारी ठेवून त्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. हा सीटी स्कॅनच्या आधीचा काळ. हौन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १९७१ मध्ये निघाले. आज एमआरआयवर बराच फरक ओळखू येतो, तरी फसगत होते. क्षयाची गाठ असेल तर दीड-दोन वर्षांच्या गोळ्यांनी माणूस बरा होऊन कामावर जाऊ शकतो. लिम्फोमा असेल तर नाव कळले की सुरीचे काम बहुधा संपते, पुढचे औषधांनी होते. पिनिअलजवळची जर्मिनोमा किरणांपुढे विरघळते. आणि वरच्या दर्जाचा ग्लायोमा असेल तर पुढचे सगळे उपचार मुदत वाढवण्यासाठी असतात. स्कॅनवर जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन पांढऱ्या डागांपैकी एकाच्या पोटात आयुष्य असू शकते आणि दुसऱ्याच्या पोटात वर्षभराची मुदत.

तुकडा प्रयोगशाळेत गेला की वाट पाहणे सुरू होते. पेशींमधल्या जनुकीय बदलांच्या तपासण्या निर्णायक झाल्यापासून ते आणखी लांबले आहे. नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात राहतात. तिथेही जागा नसेल तर टाटाबाहेरच्या फुटपाथवर. या दिवसांत सिद्धिविनायकाला, लालबागच्या राजाला, माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनात, दर्ग्यात एकच मागणे जाते: गाठ साधी निघू दे.

या मागण्यात एक खरा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. गाठ काय आहे हे आधीच ठरलेले असते. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत आहे, त्यातल्या पेशी जशा आहेत तशा आहेत. मग जे होऊन गेले त्याबद्दल मागणे कसे मागावे? ज्यूंच्या मिश्नेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. गावात आक्रोश ऐकून, तो आपल्या घरातून येत नसो अशी प्रार्थना करणे व्यर्थ, कारण जे घडायचे ते घडून गेले आहे. मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६४ च्या एका निबंधात याला छेद दिला. उत्तर प्रार्थना करणाऱ्याला ठाऊक नसेल आणि देव काळाच्या पलीकडे असेल, तर अशी प्रार्थना निरर्थक ठरत नाही, असे त्याचे म्हणणे. महाराष्ट्राच्या मनात या जागी कर्मविचार आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या तीन भागांपैकी प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, तो परत फिरवता येत नाही, हा वेदान्ताचा जुना दृष्टान्त. गाठीचे स्वरूप प्रारब्धात जमा होते. उपचार क्रियमाणात.

हा विचार धीर देतो आणि घातकही होऊ शकतो. आईबापांनी काय पाप केले म्हणून लेकराच्या डोक्यात गाठ आली, असे बोलणारे शेजारी वॉर्डाच्या दारात भेटतातच. ग्लायोमा बहुतेक वेळा पेशींच्या विभाजनात झालेल्या चुकांतून होतो आणि त्या चुका कोणाच्या वागण्याची शिक्षा म्हणून येत नाहीत. कर्माचा सिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी वापरणे ही त्या सिद्धान्ताचीही विटंबना आहे. पण नवस बोलणाऱ्या बाईला तर्काच्या चुका दाखवण्याचेही कारण नाही. तिचे मागणे बाटलीतल्या पेशींसाठी असते तसेच रिपोर्ट हातात येईल त्या क्षणी आपले पाय टिकावेत यासाठीही असते, आणि ती गोष्ट अजून घडायची आहे.

गाठ काढायची ठरली की दुसरा, अधिक खोल प्रश्न उभा राहतो. सुरी मेंदूत फिरते तेव्हा ती माणसाच्या कशाला लागते? मराठी भाषा याबाबत एकाच ठिकाणी थांबत नाही. दुःख काळजाला लागते, राग डोक्यात जातो, अपराध मनाला खातो. प्राचीन वैद्यकातही एकमत नव्हते. चरकाने शिराला उत्तमांग म्हटले, प्राण आणि इंद्रिये तिथे आश्रयाला आहेत असे सांगितले, पण चेतनेचे स्थान हृदयातच ठेवले. भेलसंहितेने मनाला शिर आणि टाळू यांच्या मधली जागा दिली. चार्वाकांना तर असा प्रश्नच पडला नाही. किण्वातून जशी नशा उपजते तशी देहातून चेतना उपजते, देह गेला की तीही गेली.

सर्वांत उपयोगी उत्तर गीतेच्या तेराव्या अध्यायात आहे आणि शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत त्याचा मोठा विस्तार आहे. तिथे शरीराला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे. क्षेत्रात केवळ हाडे-मांस येत नाही. बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धृती आणि चेतनासुद्धा क्षेत्रातच मोजलेली आहे. सांख्यांचेही असेच: मन, बुद्धी, अहंकार ही प्रकृतीची कार्ये, जड. पाश्चात्त्य विचारात मन एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला अशी रेघ बराच काळ ओढली गेली. इथली रेघ मनाच्याही पलीकडे आहे. म्हणून थॅलॅमसमधल्या गाठीने शांत माणूस चिडका झाला, हिशेबी माणूस गोंधळला, तरी या दर्शनांना धक्का बसत नाही. गाठ क्षेत्रात आहे, सुरीही क्षेत्रातच फिरते, क्षेत्रज्ञ हा साक्षी मात्र अलिप्त.

मात्र एवढ्याने भागत नाही. केस काढलेल्या डोक्याजवळ बसलेली बायको साक्षीची वाट पाहत नसते. तिला हवा असतो तो चहात साखर कमी म्हणून कुरकुरणारा, पोरीला पाढे शिकवणारा, ठरावीक विनोद पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस. तो सगळा क्षेत्रातला आहे.

याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्या घरातले आहे. जेकब चँडी यांचे ते गुरू. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या उजव्या कपाळामागची मोठी गाठ काढली. मेंदूचा मोठा भाग कापूनही गाठ पुरती निघाली नाही. बहीण वाचली, घरी गेली, हसू-बोलू लागली, स्मरणही शाबूत. साधारण सव्वा वर्षानंतर तिने भावाला आणि घरच्यांना जेवायला बोलावले. पाच माणसांचा स्वयंपाक, तिच्या हातचा नेहमीचा. भाऊ पोहोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात कावरीबावरी उभी होती. काही पदार्थ चुलीवर होते, काहींना हातच लागला नव्हता. कोणत्या पदार्थानंतर कोणता घ्यायचा ही साखळीच तिला जुळवता येईना. प्रत्येक पदार्थ तिला येत होता, जेवण येत नव्हते. १९३१ मध्ये ती गेली. पेनफिल्ड यांनी पुढे शेकडो जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा स्पर्श केला. हात उचलला जाई, तेव्हा हा आपण उचलला नाही, डॉक्टरांनी उचलला, असे रुग्ण सांगत. निर्णय घेण्याची किंवा विश्वास ठेवण्याची क्रिया विजेने जागी करता आली नाही, या आधारावर १९७५ च्या आपल्या पुस्तकात ते मन मेंदूहून वेगळे असावे या मताकडे झुकले. त्यांचे हे अनुमान अनेक शास्त्रज्ञांनी नाकारले. सापडले नाही म्हणजे तिथे नाही, असे होत नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरातला पुरावा उलट बाजूचा आणि जास्त बोलका आहे.

जागेपणी शस्त्रक्रिया आज मुंबईतही होते. मेंदूला स्वतःला वेदना नसते, कातडी बधिर केली की रुग्ण बोलू शकतो. त्याला चित्रे दाखवतात आणि नावे विचारतात: छत्री, कंदील, बैल. सर्जन विजेची कांडी टेकवतो, आणि शब्द अडला की ती जागा सोडून दिली जाते. इथे परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची हा प्रश्न साधा नाही. लालबागच्या एखाद्या माणसाची घरची बोली मालवणी, शाळेची मराठी, नोकरीची हिंदी. दोन भाषांच्या जागा मेंदूत काही अंशी वेगळ्या असू शकतात. पाढे किंवा आरती अडखळत नाही म्हणून भाषा सुरक्षित आहे असेही नसते, कारण पाठांतर वेगळ्या वाटेने चालते. कोणती भाषा आधी वाचवायची हे रुग्णालाच विचारावे लागते. काही वाचवून काही गमावल्यावर उरतो तो कोण, या प्रश्नाची बौद्ध दर्शनाला अडचण वाटणार नाही. दादरच्या चैत्यभूमीवर ज्या धम्माला लाखो लोक वंदन करतात, त्यात क्षेत्रज्ञ नावाचा मालक मानलेलाच नाही, पाच स्कंधांचा, म्हणजे देह-मनाच्या पाच समूहांचा, प्रवाह आहे. शस्त्रक्रियेनंतरचा माणूस तोच का, या प्रश्नाला तोही नाही आणि दुसराही नाही, असे उत्तर तिथे मिळते. घरच्यांचा अनुभवही बरेचदा असाच असतो.

विचारायचे तर आधी सांगायला हवे, आणि इथेच बहुतेक घरे अडतात. ‘त्यांना काही सांगू नका’ हे वाक्य सल्लागाराच्या खोलीत रुग्णाच्या आधी शिरते. बौद्धांच्या विनयपिटकातल्या जीवक या वैद्याची कथा याच संदर्भात वाचण्यासारखी आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीला, म्हणजे धनिक व्यापाऱ्याला, सात वर्षे डोक्याचा आजार होता. काही वैद्यांनी पाच दिवसांची मुदत दिली होती, काहींनी सात. जीवकाने त्याला विचारले: एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील का? श्रेष्ठीने कबूल केले. जीवकाने कवटीचा सांधा उघडून दोन किडे काढले. आजच्या डॉक्टरला इथे फीतकृमीच्या अळ्या आठवतील. श्रेष्ठीला एका कुशीवर सात दिवसांच्या पुढे राहवेना, आणि तिन्ही मिळून एकवीस दिवसांत तो बरा झाला. मग जीवकाने सांगितले की एवढेच दिवस लागणार हे त्याला ठाऊक होते, पण महिने सांगितले नसते तर श्रेष्ठी दिवसही राहिला नसता. जीवकाने मुदत फुगवून सांगितली हे खरे. त्याने रोग लपवला नाही, शस्त्रक्रिया लपवली नाही, आणि संमती श्रेष्ठीच्याच तोंडून घेतली. आजच्या घरांत मुदत, रोग आणि शस्त्रक्रिया तिन्ही लपतात आणि सही मुलगा करतो. हा आग्रह प्रेमापोटी असतो. तरी तो चूक आहे, कारण उजवा हात की बोलणे, सहा महिने घरी की दहा महिने हॉस्पिटलांत, यांतले काय निवडायचे हे ज्याचे जाणार आहे त्यालाच सांगता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. तुकड्याची सही आणि गाठ काढण्याची सही या दोन वेगळ्या सह्या आहेत.

खरी अडचण निराळी आहे: ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा, गाठ त्याच अवयवात आहे. सुजेमुळे आणि कोंडलेल्या पाण्यामुळे रुग्ण गुंगीत असतो. पण डेक्सामेथासोन हे औषध सुरू केल्यावर सूज ओसरते आणि पुष्कळ रुग्ण एक-दोन दिवसांत जागे, स्पष्ट बोलू लागतात. पाण्याला वाट करून दिली तर आणखी. गाठ तिथेच असते, माणूस मात्र काही दिवसांसाठी परत आलेला असतो. बोलण्याची वेळ हीच. बहुतेक ठिकाणी ती शस्त्रक्रियेच्या तयारीत निघून जाते.

काही गाठींपुढे सुश्रुताचा इशारा आजही शब्दशः लागू आहे. लहान मुलांच्या ब्रेनस्टेममध्ये पसरणारा ग्लायोमा देठाच्या तंतूंमध्ये असा मिसळलेला असतो की काढण्याजोगी गाठ वेगळी उरतच नाही. निदानानंतर निम्मी मुले वर्षही पुरे करत नाहीत. कित्येक दशके एमआरआयवरूनच निदान होई आणि तुकडा घेत नसत. अलीकडे पेशींचा जनुकीय प्रकार जाणण्यासाठी तो घेतला जाऊ लागला आहे. त्याचा लाभ त्या मुलाला होईलच असे नाही, पुढच्या मुलांना होऊ शकतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी एका सहा वर्षांच्या मुलाच्या देठात सुई घालावी का, याचे उत्तर त्यागाची थोरवी सांगून देता येणार नाही. त्याग करणारा तो स्वतः नाही. उपचाराची निवड खरोखर त्या तुकड्यावर अवलंबून असेल तेव्हाच सुई घालावी, एवढी मर्यादा तरी पाळली जावी.

हात आखडता घेतल्यावरही करायचे पुष्कळ उरते, याची साक्ष परळातच आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यात प्राणवायू न मिळाल्याने कायमची इजा झाली. ते गाठीचे प्रकरण नव्हते, पण प्रश्न तोच होता: एवढे गेल्यावर उरलेले कोण? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. मे २०१५ मध्ये त्या गेल्या. परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांना भरवले, कूस बदलली, अंथरूण स्वच्छ ठेवले. आवडीचा मासा भरवताना अरुणा यांच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान परिचारिका ओळखत. साक्षी आहे की नाही, याचा निकाल लागेपर्यंत कोणी थांबले नाही.

त्याच निकालाच्या वाटेने पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. खोल गाठीच्या रुग्णासाठी असा कागद डेक्सामेथासोनने मोकळ्या झालेल्या त्या चार-आठ दिवसांत लिहून होऊ शकतो. व्हेंटिलेटर कधी काढावा आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात येते. शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला सांगायची गोष्ट त्याच बैठकीत निघते: कोणते नुकसान चालेल आणि कोणते नाही. कोणी हाताचे नाव घेतो, कोणी नजरेचे, कोणी नातवंडांना हाक मारण्याचे.